झोप येते, गोळी द्या

(केळझर येथे भरलेल्या डॉक्टर व औषधविक्रेत्यांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षानं सुरुवातीला गावाचं नाव घ्यायचं असतं. केळझरला त्याची वाण नाही. टेकडीवर सिद्धिविनायक आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. आणि महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. बकासुराला गाव पाळीपाळीनं अन्नाचा गाडा धाडायचं, आणि गाडा नेणारा माणूसही परत यायचा नाही. गाडा गेला की त्या दिवसापुरती सुटका व्हायची, बकासुर मात्र जिथल्या तिथं. जागं ठेवणारी गोळी काय करते, असं कोणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगतो. झोप मरत नाही. तिला गाडा पोचतो, एवढंच.

तरीही मी त्या गोळीच्या विरोधात बोलायला उभा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण ज्याची ती आहे, त्याच्यासाठी तिच्याइतकी मोलाची वस्तू माझ्या दुकानात दुसरी नाही.

असा एक मुलगा मला माहीत आहे. शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायचा, जेवताना घास हातात धरून झोपायचा. मित्रांनी विनोद सांगितला की हसता हसता त्याचे गुडघे वाकायचे आणि तो खाली बसायचा, शुद्धीवर असूनही. घरच्यांनी आधी आळशी म्हटलं, मग बाहेरचं काही लागलं असेल म्हणून अंगारे-धुपारे झाले, मग फिट्सच्या गोळ्या झाल्या. या सगळ्यात काही वर्षं गेली. शेवटी नागपूरला रात्रभर आणि दुसऱ्या दिवसभर झोपेची तपासणी झाली तेव्हा नाव कळलं: नार्कोलेप्सी. हे नाव 1880 साली जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी दिलं. पण मेंदूत नेमकं काय बिघडतं ते कळायला 2000 साल उजाडावं लागलं. मेंदूच्या तळाशी ओरेक्सिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या मूठभर पेशी असतात, त्या माणसाला जागेपणात टिकवून धरतात. या आजारात त्याच पेशी नष्ट होतात. मग मुलगा कितीही झोपला तरी त्याचं जागेपण ढासळतच राहतं. त्याला ‘रात्री लवकर झोपत जा’ सांगणं म्हणजे लंगड्याला ‘सरळ चाल’ सांगण्यासारखं आहे.

ती जागं ठेवणारी गोळी म्हणजे मोडाफिनिल, हे औषधही फ्रान्सचंच. अमेरिकेत 1998 साली ते नार्कोलेप्सीसाठी मंजूर झालं. पुढे काही वर्षांत झोपेत श्वास अडकण्याच्या आजारातली दिवसाची झोप आणि रात्रपाळीची झोप यांसाठीही तिथं परवानगी मिळाली. युरोपच्या औषध संस्थेनं मात्र 2010 मध्ये फायदा-तोट्याचा हिशेब पुन्हा मांडला आणि सांगितलं की हे औषध नार्कोलेप्सीपुरतंच ठेवा. औषध तेच, आणि दोन शहाण्या संस्थांची दोन मतं. आपल्याकडे गल्ल्याच्या अलीकडे उभा असलेला माणूस ‘काही नाही होत, अमेरिकेत चालते’ म्हणतो तेव्हा हे लक्षात असू द्या.

तो मुलगा आता सकाळी डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी घेतो, दुपारी ठरल्या वेळी पंधरा-वीस मिनिटं आडवा होतो आणि वर्गात जागा असतो. अशा रुग्णाची चिठ्ठी आली की आपण दोन गुन्हे करतो. एक, माल ठेवत नाही, कारण खप नाही. दुसरा जास्त वाईट: त्याच्याकडे नशेबाजाकडे बघावं तसं बघतो. काहींना मोडाफिनिल पुरत नाही आणि मिथाइलफेनिडेट लिहून येतं. ते शेड्यूल एक्समधलं औषध. वेगळा परवाना, कुलूपबंद कपाट, चिठ्ठीच्या दोन प्रती, त्यातली एक आपल्याकडे दोन वर्षं जपायची. कटकट आहे, मान्य. पण त्या कटकटीचा राग चिठ्ठी घेऊन आलेल्या आईवर काढायचा नसतो.

हे झालं थोड्यांचं. आता बाकीच्यांकडे वळतो, कारण आपली गर्दी त्यांचीच आहे.

संध्याकाळी सातच्या सुमाराला मोबाइलवर स्ट्रिपचा फोटो दाखवत ड्रायव्हर येतात. “भाऊ, हे आहे का? जागं राहाची गोळी.” फोटो कोणी पाठवला? दुसऱ्या ड्रायव्हरनं. आपल्या सेलू तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. 701 किलोमीटरचा सरळसोट रस्ता, ना वळण, ना ढाबा, ना गावची म्हैस आडवी येण्याची भीती. पूर्वी नागपूर-वर्धा रस्त्यावर खड्डेच माणसाला जागं ठेवायचे. नव्या रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि मेंदू झोपतो. 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेडराजाजवळ बस पेटली आणि 25 माणसं गेली, त्यात आपल्या वर्धा जिल्ह्यातली घरंही उजाड झाली. त्या अपघाताच्या कारणांत मी शिरत नाही, तो माझा अधिकार नाही. वेळ मात्र रात्री दीडच्या आसपासची होती. शरीराचं घड्याळ सर्वांत खाली असतं ते साधारण दोन ते पाच या वेळात, आणि दीडला त्याची उतरण लागलेली असते.

1997 साली ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला. सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंद होतात असं त्यात दिसलं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 0.03 आहे. म्हणजे सकाळी पाचला उठून रात्री दहाला स्टिअरिंगवर बसणारा माणूस थेंबही न घेता मर्यादेच्या पलीकडे असतो. त्याला पकडायला कुठलं यंत्र नाही. मोटार परिवहन कामगारांच्या 1961 च्या कायद्यानं दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास ठरवून दिले होते. पिकअपच्या मालकाला हे तास विचारून बघा, तो तुमच्याकडेच काळजीनं बघेल.

अशाच एका ड्रायव्हरला मी गोळी न देता स्टुलावर बसवलं. मान जाड, पोट सुटलेलं, डोळे लाल, दाताला खर्र्याचा रंग. जागं राहायला आपल्या विदर्भाची ही खास युक्ती, तंबाखू-सुपारीचा घोटलेला खर्रा गालात दाबायचा आणि गाडी हाणायची. तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात तिचा हिशेब होतो. मी विचारलं, घोरता का? तो नाही म्हणाला. मागं उभा असलेला क्लीनर हसायला लागला. “बाप्पा! हा झोपला का मी केबिनमधून खाली उतरतो. घोरते घोरते अन् एकदम बंद पडते. मले वाटते, गेला आता.” निदान क्लीनरनं केलं होतं, मला नुसतं ऐकायचं होतं. रक्तदाब वाढलेला निघाला. पुढे तपासणीत झोपेतला श्वासरोध ठरला, चांगलाच. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून उठवतो, आणि हे रात्रभर चालतं. माणसाला वाटतं मी आठ तास झोपलो. यावर पहिला उपाय म्हणजे हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र आणि वजन उतरवणं. 1981 मध्ये सिडनीच्या सलिव्हन या डॉक्टरांनी हे यंत्र काढलं. गोळीनं घसा उघडत नाही. गोळी घेऊन तो ताजातवाना झाला असता, रात्री श्वास तसाच अडकत राहिला असता, आणि हृदयाचं जे व्हायचं ते झालं असतं, फक्त आता जांभई न देता. यंत्र वापरूनही दिवसा झोप उरली तर मग गोळीचा विचार डॉक्टरांनी करायचा. क्रम असा आहे.

डॉक्टर मंडळींना एक विनंती, रागावू नका. झोपेची तक्रार आली की चिठ्ठी लिहिण्याआधी चालू औषधं बघा. सर्दीला दिलेली ॲविल, खाजेला दिलेली सेटिरिझिन, रात्रीची अल्प्राझोलाम, यांतलं काहीतरी सकाळपर्यंत रेंगाळत असतं. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर. आपल्या भागात सिकलसेल आहे, त्याचा थकवा लोक ‘झोप’ या नावानंच सांगतात. एपवर्थ मोजपट्टीचे आठ प्रश्न आहेत, 1991 चे: बसून वाचताना डुलकी लागते का, बसमध्ये लागते का, जेवल्यावर, कुणाशी बोलता बोलता. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज दहाच्या वर गेली तर पुढे तपासा. पाच मिनिटं लागतात. ‘टीव्ही बघताना’च्या जागी ‘कीर्तनात’ विचारलं तरी चालेल, पण कीर्तनात आपण सगळेच नापास होऊ.

गोळीचे धोके सांगायचे तर डोकेदुखी, मळमळ, धडधड, चिडचिड, वाढता रक्तदाब हे नेहमीचे. क्वचित, पण जिवावर बेतणारा: अंगावर पुरळ, तोंडात फोड, कातडी सोलणं. पुरळ दिसलं की गोळी त्याच क्षणी बंद आणि दवाखाना. औषध शरीरातून अर्धं जायला बारा ते पंधरा तास लागतात. दुपारी चारला घेतलेली गोळी म्हणून मध्यरात्रीही छताकडे बघायला लावते. मग माणूस झोपेची गोळी मागतो. सकाळी एक उठवायला, रात्री एक झोपवायला, अशी दोन्ही स्ट्रिप्सची गिऱ्हाइकं तुम्ही पाहिली आहेत. अल्प्राझोलामची नोंद 2014 पासून आपण शेड्यूल एच-वनच्या रजिस्टरमध्ये करतो. त्या रजिस्टरची पानं उलटताना हाच माणूस दुसरं काय नेतो, तेही आठवून बघा. मोडाफिनिलची सवय लागण्याचा धोका ॲम्फेटामिनपेक्षा कमी आहे, पण शून्य नाही.

आणि एक गोष्ट, जी काउंटरवर कोणीच बोलत नाही, कारण मधे लाज येते. मोडाफिनिल यकृताचं काम वाढवतं आणि गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करतं, औषध थांबवल्यावरही काही आठवडे. आशाताईंकडून माला-एन घेणारी बाई ही गोळी चालू करते तेव्हा तिचं संरक्षण कमी झालेलं असतं आणि तिला ठाऊक नसतं. त्यात गर्भ राहिला तर या औषधानं बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो असे इशारे 2019 पासून परदेशी औषध यंत्रणांनी दिले आहेत. तिला तांबी किंवा दुसरी सोय सुचवणं हे डॉक्टरांचं काम, पण विचारणं आपलंही काम आहे. दुकानात चार माणसं असतील तर बाजूला बोलावून विचारा. आपल्यातल्या भगिनी हे जास्त चांगलं करतात.

नागपूरला क्लासला गेलेली पोरं परीक्षेच्या आधी हीच गोळी मागवतात, त्यांच्याबद्दल फार बोलत नाही. वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेत. झोप कापून वाचणारा पोरगा पानं उलटतो, एवढंच.

मला सर्वांत जास्त छळणारं गिऱ्हाईक वेगळं आहे. हिवाळ्यात येतं, हरभरा-गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत. थ्री फेज लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला माणूस टॉर्च घेऊन शेतात जातो. बोरचं जंगल जवळ, 2014 पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे. वाघ शिवारात उतरतो, रानडुक्कर तर रोजचंच. तो पहाटे परततो, सकाळी मजूर घेऊन पुन्हा शेतात, दुपारी मोटरसायकलवर सेलूच्या बाजारात. मग माझ्याकडे येऊन म्हणतो, “भाऊ, लय झोप येते, काही ताकदीचं द्या.” याला कुठला आजार आहे? त्याच्या ओरेक्सिनच्या पेशी धडधाकट आहेत, घसा मोकळा आहे. चरकानं आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले. यातला मधला खांब वीज कंपनीच्या वेळापत्रकानं काढून घेतला आहे. त्याला मी जीवनसत्त्वाची बाटली विकू शकतो, तो आनंदानं घेईलही. आपल्यातले बरेच जण विकतात.

दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली. काही फीडरवर दिवसाची लाइन सुरू झाली, काहींवर अजून रात्रच आहे. दिवसाच्या विजेची मागणी शेतकरी संघटना करतात तेव्हा ती शेतीची मागणी ठरते. तीच डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांनी केली तर ती आरोग्याची ठरेल. म्हणून भाषणाआधी मी संयोजकांशी बोलून एक निवेदन लिहून घेतलं आहे: ज्या गावांना अजून रात्रीची लाइन आहे त्यांची नावं आणि आपल्याकडे झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांचा अनुभव, बस. गावांच्या नावांसाठी खाली जागा मोकळी सोडली आहे, ती तुम्ही भरायची. कागद दारापाशी टेबलावर आहे, पेन बांधून ठेवलं आहे कारण मागच्या वेळी ते गेलं होतं. सह्या करा आणि मगच पंगतीला बसा. पुरणपोळी आहे असं ऐकतो, त्यामुळे दुपारच्या सत्राच्या अध्यक्षांना माझ्या आगाऊ शुभेच्छा.