पाण्यावरचा उजेड
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या इंदूरच्या सिरपूर तलावाला २०२२ मध्ये रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात तेथे हळदी-कुंकू बदकाची मादी पिलांसह पाण्यावर दिसते. चोचीच्या मुळाशी कुंकवासारखे दोन ठिपके, टोकाला हळद; म्हणून हे नाव.

या पिलांचे छायाचित्र काढणे सोपे नाही. त्यांची लव काळपट-पिवळी, तर भोवतीचे पाणी लखलखते. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन त्या चकाकीला भुलते आणि पिले नुसती काळी उमटतात. म्हणून एक्स्पोजर मुद्दाम वाढवावे लागते. पिले क्षणभरही स्थिर नसतात. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाजवळ हवा. त्यासाठी आयएसओ वाढवून चित्रातला रवाळपणा पत्करावा लागतो.

एका ढगाळ सकाळी मी काठावर पालथा पडून होतो. उजेड अपुरा होता. चार हात पुढे सरकलो असतो, तर चित्र साधले असते. तेवढ्यात मादीने मान ताठ केली, रांग वळली आणि एक पिलू मागे राहिले. वर घार घिरट्या घालीत होती. मी कॅमेरा मिटला आणि सरपटत मागे आलो. पिलू आईला मिळाले. छायाचित्र मात्र राहिले.

या शाळेतील आमचे चित्रकलेचे गुरुजी रेघ ओढण्याआधी वस्तू पुरती पाहायला लावीत. त्या सकाळी त्या शिकवणीचा अर्थ मला उमगला. पालकहो, मुलांच्या हाती कॅमेरा अवश्य द्या. वेळीच मागे सरकणेही शिकवा.