वीस अक्षरांचा कागद

पंचावन्न वर्षांचा माणूस, त्यातून कवी, आणि बोलणार व्हिडिओ गेमवर! रामवाडीत आमच्या शेजाऱ्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी काळजीनं विचारलं, "का हो, गझला संपल्या का?" संपल्या नाहीत. पण गेल्या उन्हाळ्यात माझी पुतणी मस्कतहून सुट्टीला आली. येताना तिनं तो छोटा गेमचा डबा आणला, टीव्हीला जोडला, आणि माझ्या हातात दोन काठ्या दिल्या. "बडे अब्बा, तुम्ही शायर ना? मग वाजवा."

खेळाचं नाव 'ताइको नो तात्सुजिन', म्हणजे ढोलाचा उस्ताद. जपानात २००१ साली आला. पडद्यावर उजवीकडून गोल चकत्या सरकत येतात. तांबडी आली की ढोलाच्या मध्यावर मारायचं, निळी आली की कडेवर. मध्यावरच्या आवाजाला ते 'दोन' म्हणतात आणि कडेच्या आवाजाला 'का'. तबल्याचे बोल असतात ना, तसेच. मोठी चकती आली तर दोन्ही काठ्या एकदम. प्रत्येक ठोक्याला पडदा निकाल देतो: उत्तम, ठीक, चुकलं.

माझं पहिल्या दिवशी सगळंच चुकलं. आयुष्यभर मात्रा मोजणारा माणूस मी. तरुण कवींच्या ओळीत एक लघु जास्त पडला तर मीटिंगमध्ये भुवई उंचावणारा. तीन दिवस तेरा वर्षांची मुलगी माझ्याकडे पाहून हसत होती. चौथ्या दिवशी तिनंच शोधून काढलं की दोष टीव्हीचा आहे. हे नवे सपाट टीव्ही चित्रावर आधी संस्कार करतात, मग दाखवतात, त्यामुळे चित्र किंचित मागे राहतं. जुन्या डब्याच्या टीव्हीत ही भानगड नव्हती. खेळात ते अंतर जुळवून घ्यायची सोय असते. तिनं ते जुळवलं. मी मोठ्या रुबाबात काठ्या उचलल्या आणि पुन्हा चुकलो. पण आधीपेक्षा कमी, एवढं नोंदवून ठेवा.

मग मला एक युक्ती सुचली. तिला म्हटलं, निळी म्हणजे लघु, तांबडी म्हणजे गुरू. आता वाजव: का दोन दोन, का दोन दोन, का दोन दोन, का दोन दोन. तिनं वाजवलं. म्हटलं, हे भुजंगप्रयात. एका ओळीत बारा अक्षरं, चार 'य' गण. तिला मराठी नीट वाचता येत नाही, पण वृत्त पाच मिनिटांत आलं. कॉलेजात आम्हाला ते फळ्यावर खुणा काढून शिकवलं होतं आणि आठवडाभर कुणाला पत्ता लागला नव्हता.

तेव्हापासून मी या तालाच्या खेळांचा शौकीन झालो, आणि शौकीन म्हटला की मतं आलीच. पनवेलला भाच्याकडे 'पॅरापा द रॅपर' खेळलो. तो १९९६ चा. टोपी घातलेलं, कागदासारखं चपटं एक कुत्रं आहे. कांद्याच्या डोक्याचा मास्तर एक ओळ म्हणतो आणि कुत्र्यानं ती तालात परत म्हणायची. बटणं दाबून अर्थात. आपल्या कोकणात शक्ती-तुऱ्याच्या जाखडीत एकानं सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं जबाब द्यायचा, त्याची मला आठवण झाली. खरी गंमत पुढे आहे. मास्तरचं जसंच्या तसं म्हटलं तर तुम्ही फक्त 'बरे' ठरता. त्यावरचा दर्जा हवा असेल तर ताल न सोडता पदरची भर घालावी लागते. तो मिळाला की मास्तर चक्क निघून जातो आणि मैदान तुमचं. असे गुरुजी मला साहित्यात फार थोडे भेटले.

'गिटार हीरो' मात्र माझ्या मनात भरला नाही. २००५ चा तो, प्लास्टिकची गिटार आणि पाच रंगीत बटणं. चुकलात की गाण्यातली गिटार गप्प होते, एवढं ठीक. पण स्वतःचं काही घालायला जागा फारच थोडी. आणि १९९८ चा 'डान्स डान्स रिव्होल्यूशन', पायानं बाण दाबायचा, त्याबद्दल माझे गुडघे बोलतील.

एका रात्री ढोल वाजवता वाजवता पुतणीनं सहज विचारलं, "बडे अब्बा, अब्बूचा कागद तुम्ही फाडला होता ना?"

श्रोतेहो, ती गोष्ट चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. १९९१ साली आमचे मामू दम्मामहून आले. त्यांनी धाकट्या भावासाठी गेमचं यंत्र आणलं आणि एक जपानी कॅसेट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, तो अकरा वर्षांचा. त्या खेळाचं नाव 'ड्रॅगन क्वेस्ट', हे मला फार उशिरा कळलं. १९८६ चा खेळ. मारामारीपेक्षा त्यात गोष्ट जास्त. आपण त्यातला वीर व्हायचं, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, तलवार विकत घ्यायची. पण सगळं जपानीत!

खेळ राजाच्या दरबारात सुरू होतो आणि दार बंद असतं. पेटी उघडून किल्ली घ्यायची, दार उघडायचं, आणि जिना उतरायला 'जिना' असं वेगळं निवडावं लागतं. एक अक्षर न वाचता माझ्या भावाला त्या खोलीतून बाहेर पडायला चार दिवस लागले. बाहेर पडला तेव्हा त्यानं ओसरीवर उड्या मारल्या, आणि अम्मीला वाटलं विंचू चावला.

त्या जपानी कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. परत राजाकडे गेलं की राजा २० अक्षरांचा एक मंत्र देई. तो उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी टाकायचा. आमच्याकडे वीज कधीही जायची, त्यामुळे तो मंत्र म्हणजे जीव. भाऊ वहीच्या मागच्या पानावर ती अक्षरं चित्रासारखी काढून घ्यायचा. काही अक्षरांच्या डोक्यावर दोन बारीक रेघा असतात, आपल्या उर्दूतल्या नुक्त्यासारख्या. एक राहिली तरी मंत्र खोटा. मदरशात आम्ही अरबी अक्षरं अशीच गिरवली होती, अर्थ कळायच्या आधी, भीत भीत.

आणि मी ते पान फाडलं. मला एका मासिकाकडे कविता पाठवायची होती आणि घरात कोरा कागद नव्हता. मागच्या बाजूला रेघोट्या दिसल्या, दुसरी बाजू स्वच्छ होती. कविता गेली पोस्टानं. ती छापून आली नाही, आणि साभार परतही आली नाही. भाऊ दोन दिवस जेवला नाही. मी त्याला म्हटलं, "रेघोट्यांसाठी काय रडतोस?" माझ्या खोडलेल्या ओळींचे कपटेसुद्धा तेव्हा मी ट्रंकेत कुलपात ठेवत असे. त्यानं त्यानंतर ती कॅसेट लावली नाही. पुढे यंत्र कुणाला तरी देऊन टाकलं.

त्या मंत्राबद्दल मी आता वाचलं. ती २० अक्षरं ५-७-५-३ अशी मांडलेली असत. पहिली सतरा म्हणजे सरळ हायकूचा साचा. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तेव्हा आम्ही सगळे तीन ओळींच्या मागे लागलो होतो. जपानी रसिकांनी तर असं शोधून काढलं की बाशोचा तळ्यातल्या बेडकाचा प्रसिद्ध हायकू आणि पुढे त्याच्या नावासारखी तीन अक्षरं टाकली, तर खेळ खरोखर सुरू होतो. म्हणजे माझ्या भावानं वहीत जे उतरवलं होतं ते अर्थाला निरर्थक असेल, पण छंदात होतं. घरात छंद ओळखणारा एकच माणूस होता, आणि त्यानंच ते फाडलं.

पुतणीनं जाताना माझ्या फोनवर तो खेळ इंग्रजीत घालून दिला. आता मंत्र लागत नाही, फोन आपोआप लक्षात ठेवतो. संध्याकाळी महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज ऐकत ओसरीवर बसून मी खेळतो. परवा भावाला फोन केला आणि पहिल्यांदाच विचारलं, "तू कुठवर पोचला होतास रे?" जरा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "एक मोठी गुहा लागते. तिच्यापलीकडे चाव्या विकणारं गाव आहे. तिथं."

काल रात्री मी त्या गुहेच्या तोंडाशी आलो. त्याला कळवलं, तर लगेच उत्तर आलं, "भाई, आत जाऊ नको. शुक्रवारी मला सुट्टी आहे. व्हिडिओवर दाखवत खेळ."

म्हणून थांबलोय.