व्यंगचित्र : दालनातले आणि गल्लीतले

दिवाळी अंक घरात आला की तुम्ही आधी काय पाहता? अगदी खरे सांगा. संपादकीय नव्हे, कथाही नव्हे. आपण सारे आधी चित्रे पाहतो. मुलांनी वडिलांच्या हातून अंक ओढायचा, आजोबांनी तो मुलांच्या हातून काढून घ्यायचा, आणि हसून झाले की अंक माळ्यावर जायचा. तेथून पुढे रद्दीवाल्याची तागडी! ज्या चित्राने अख्खे घर हसवले त्याची किंमत शेवटी वजनावर ठरते. मग अशा चित्राला चौकट करून, दिवे लावून, कलादालनाच्या भिंतीवर टांगावे काय? आणि टांगले, तर त्यातले हसू शिल्लक राहते काय?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडेच मिळाले आहे. शि. द. फडणीस यांनी १९६५ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत ‘हसरी गॅलरी’ या नावाने आपल्या व्यंगचित्रांचे प्रदर्शन भरवले आणि पुढे ते गावोगावी नेले. मांजरांची नक्षी असलेली साडी नेसलेली तरुणी आणि उंदरांची नक्षी असलेला शर्ट घातलेला तरुण, हे त्यांचे ‘मोहिनी’चे मुखपृष्ठ आठवा. खाली एक अक्षर नाही, आणि त्याची गरजही नाही. शब्दांवाचून बोलणारे चित्र भिंतीवर लावले की शिकलेला आणि न शिकलेला दोघेही एका पातळीवर येतात. आजीला वाचता येत नसेल, पण नातवाच्या आधी ती हसू शकते. शिवाय घरी अंक चाळताना आपण एकटे हसतो. दालनात शेजारचा अनोळखी माणूसही त्याच चित्राला हसत असतो. हे हसणे निराळे. त्यात ओळख होते.

तथापि सर्वच व्यंगचित्रे अशी भिंतीवर तगत नाहीत. राजकीय व्यंगचित्राचे आयुष्य बातमीएवढे. मंत्री गेला, प्रश्न विसरला गेला, की चित्राशेजारी खुलाशाची चिठ्ठी लावावी लागते. आणि ज्या विनोदाचा खुलासा करावा लागतो त्याचे काय होते हे आम्हा शिक्षकांइतके कोणाला ठाऊक असणार! आर. के. लक्ष्मण यांची गोष्ट मात्र वेगळी. १९५१ पासून रोजच्या वर्तमानपत्रात त्यांचा ‘कॉमन मॅन’ चौकड्यांचा कोट घालून मुकाट्याने सारे पाहत राहिला. बातम्या शिळ्या झाल्या, पण तो शिळा झाला नाही, कारण तो आपल्या आळीतलाच एक गृहस्थ होता.

आता जरा दूर, बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरात चला. टिनटिन नावाचा धाडसी पोरगा १९२९ साली याच शहरातल्या एका वर्तमानपत्राच्या बालपुरवणीत जन्मला. १९८९ साली तेथे चित्रकथांचे संग्रहालय उघडले, तेही व्हिक्टर ओर्ता या नामवंत वास्तुकाराने बांधलेल्या कापडाच्या जुन्या वखारीत. पण तेवढ्यावर ते लोक थांबले नाहीत. १९९१ पासून त्यांनी घरांच्या उघड्या, बोडक्या भिंतींवर चित्रकथांतील पात्रे रंगवायला सुरुवात केली. एका भिंतीवर टिनटिन, कॅप्टन हॅडॉक आणि स्नोई कुत्रा जिना उतरताना दिसतात. संग्रहालयाला तिकीट पडते. भिंतीला पडत नाही. दूध आणायला निघालेल्या माणसालाही ते चित्र भेटते. दालनाने चित्राला मान दिला, गल्लीने त्याला घर दिले.

हे मला पुस्तकांतून कळले, पण पटले ते आमच्या कॉलेजात. एका स्नेहसंमेलनात मुलांनी व्हरांड्यात दोरी बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी आपली व्यंगचित्रे टांगली होती. व्यवस्था माझ्याकडे होती. त्यातल्या एका चित्रात सार्वजनिक नळ होता. नळापेक्षा मोठी उद्घाटनाची कोनशिला, तिच्यावर नावेच नावे, आणि समोर रिकाम्या घागरीला टेकून झोपी गेलेली बाई. पाहुण्यांत नगरपालिकेची मंडळी यायची होती. मला कोणी काही सांगितले नव्हते. मीच घाबरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते चित्र हळूच उतरवून कपाटात ठेवले.

दुपारी झाडलोट करणाऱ्या मावशी गल्लीतल्या चार बायकांना घेऊन आल्या. दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधून झाल्यावर मला म्हणाल्या, “सर, आमचं चित्र कुठं गेलं वो? ह्यांना दाखवाया आणलंय.”

‘आमचं’ हा शब्द मला बोचला. काढले होते एका विद्यार्थ्याने, जागा होती कॉलेजची, आणि चित्र मात्र त्यांचे झाले होते. मी कपाट उघडले. चित्र पुन्हा चिमट्याला लागले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्यांतली एक म्हणाली, “ही झोपलीया ती मीच!” संध्याकाळी नगरपालिकेची मंडळी आली. त्यांतले एक जण हसले, दुसरे हसले नाहीत. नळाला पाणी आले असे मी म्हणणार नाही. चित्राने पाणी येत नसते. पण ज्या चित्राची मला भीती वाटली, त्यात त्या बायकांना आपली दखल दिसली, एवढे खरे.

तेव्हा व्यंगचित्र दालनात जरूर लागावे. त्या रेषेमागे किती वर्षांची साधना असते हे तेथेच नीट कळते. परंतु ते दालनातच राहू नये. तुमच्या गावच्या वाचनालयाच्या ओसरीवर, शाळेच्या व्हरांड्यात, गणेशोत्सवाच्या मांडवात एक दोरी बांधा, आणि मुलांना सांगा : आपल्या गावाला हसवा, आपल्या गावाला हसा. एखादे चित्र तुम्हाला टोचेल. ते उतरवायला हात पुढे जाईल. त्या वेळी क्षणभर थांबा, आणि ते कोणाचे चित्र आहे, एवढे विचारून घ्या.