काउंटीची शीव आणि अनुदानाचा हिशेब

अमेरिकेतील शेती अनुदान मंजूर होते वॉशिंग्टनमध्ये, पण त्याचा हिशेब होतो काउंटीत. काउंटी हा राज्याचा प्रशासकीय भाग. मका-सोयाबीनच्या आयोवा राज्यात अशा ९९ काउंटी आहेत. त्यांतली साधारण काउंटी महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी भरते.

या व्यवस्थेची सुरुवात १९३३ सालची. महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले होते. रूझवेल्ट सरकारने कायदा करून पेरा कमी करणाऱ्याला पैसे देऊ केले. तोवर कापूस शेतात उभा होता. त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरचा कापूस नांगरून टाकण्यात आला. कोणी किती मोडला हे पाहण्याचे काम स्थानिक समित्यांकडे आले. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला, त्याजागी दुसरे कायदे आले; समित्यांची पद्धत मात्र टिकली. आजही काउंटी समितीत शेतकऱ्यांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन ते अकरा जण असतात.

रोजचे काम केंद्रीय कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या स्थानिक कार्यालयात चालते. पेरणी उरकली की शेतकरी तिथे जातो. त्याच्या शेताचा हवाई छायाचित्रावरचा नकाशा समोर येतो. त्यावर प्रत्येक तुकड्याची हद्द आखलेली, क्रमांक टाकलेला. कोणत्या तुकड्यात कोणते पीक, किती एकर, कधी पेरले, हे नोंदवून तो सही करतो. महाराष्ट्रातल्या पीकपेऱ्याच्या नोंदीसारखाच हा प्रकार.

मुख्य योजनांची रक्कम मात्र या ताज्या पेऱ्यावर ठरत नाही. पूर्वीच्या पेऱ्यावरून प्रत्येक जमिनीच्या नावे पीकवार ‘मूळ एकर’ बांधून दिलेले असतात. मक्याच्या मूळ एकरात यंदा सोयाबीन असले, तरी हिशेब मक्याचाच होतो.

२०१४ च्या कायद्याने दोन पर्याय दिले. पहिला भावाचा. मक्याचा संदर्भ भाव बुशेलमागे, म्हणजे सुमारे २५ किलोंमागे, ३.७० डॉलर ठरला. २०१६ च्या मक्याचा देशातील सरासरी भाव ३.३६ डॉलर निघाला; तूट ३४ सेंटची. समजा मूळ क्षेत्र १०० एकर आहे आणि नोंदलेले उत्पादन एकरी १२० बुशेल. त्यातले ८५ टक्के क्षेत्र धरायचे. १०,२०० बुशेलांचे ३,४६८ डॉलर होतात. हे पैसे हाती येतात पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात.

दुसरा पर्याय काउंटीच्या सरासरीचा. मागच्या पाच वर्षांतले सर्वांत चढे आणि सर्वांत पडते आकडे वगळून काउंटीचे एकरी उत्पन्न काढतात. यंदाचे उत्पन्न त्याच्या ८६ टक्क्यांखाली गेले, तर भरपाई मिळते. तीही त्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच. २०२५ च्या कायद्याने हे आकडे ९० आणि १२ टक्के केले, मक्याचा संदर्भ भावही ४.१० डॉलरवर नेला.

या पर्यायात शीव निर्णायक ठरते. एखाद्याच्या शेतात गारपिटीने मका झोपला, पण काउंटीची सरासरी सावरली, तर त्याला काही मिळत नाही. उलट स्वतःचे पीक उत्तम आणि काउंटी बुडालेली, अशा शेतकऱ्याला पैसे मिळतात. महाराष्ट्रात महसूल मंडळाच्या सरासरीवर पीक विम्याची भरपाई ठरते, तिथेही पेच हाच असतो. चीनशी व्यापारयुद्ध २०१८ मध्ये पेटले; त्यापोटी दिलेल्या २०१९ च्या मदतीत तर ठरावीक पिकांच्या पेऱ्यावर एकरी दर थेट काउंटीनुसार लावले गेले, १५ डॉलरपासून १५० डॉलरपर्यंत. पीक एकच, बांध एकच. पण शिवेपलीकडच्या शेजाऱ्याचा दर वेगळा.

पैसे कोणाच्या खात्यात जावेत, याचा नियम साधा आहे: पिकाची जोखीम ज्याची, अनुदान त्याचे. जमीन रोख खंडाने घेतली असेल, तर ते कुळाला मिळते. मूळ एकर मात्र जमिनीला चिकटलेले असतात. त्यामुळे अशा जमिनीचा खंड चढतो आणि अनुदानाचा काही वाटा अखेर मालकाकडे पोहोचतो.