वासाचा नकाशा



पक्ष्यांना वास येत नाही, ही समजूत शास्त्रात शंभरएक वर्षे ठाण मांडून होती. तिचे मूळ एका अर्धवट प्रयोगात आहे. अमेरिकेतले नामवंत पक्षीचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन यांनी १८२०च्या दशकात कुजलेले मढे झाकून ठेवले. गिधाडे तिकडे फिरकली नाहीत, तेव्हा गिधाड डोळ्यांनीच भक्ष्य शोधते असे त्यांनी ठरवून टाकले. तिथल्या टर्की व्हल्चरला फार सडलेले मांस नको असते आणि बऱ्यापैकी ताजे मढे झाकले तरी ते बरोबर हुडकते, हे पुष्कळ उशिरा सिद्ध झाले. प्रयोग आवडीचा होता, निष्कर्ष मात्र क्षमतेचा निघाला. समुद्रपक्ष्यांविषयी आज मला जे मांडायचे आहे, त्यातही हीच चूक टाळायची आहे. वास त्यांना भक्ष्यापर्यंत नेतो हे खरे. पण माझ्या मते त्याचे मोठे काम वेगळेच आहे.

अल्बाट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर या पक्ष्यांच्या चोचीवर नाकपुड्यांच्या नळ्या स्पष्ट दिसतात. बेट्सी बँग आणि स्टॅनली कॉब यांनी १९६८ साली १०८ जातींच्या मेंदूंची मोजमापे प्रसिद्ध केली. मेंदूच्या गोलार्धाच्या लांबीशी तुलना केली तर वास ओळखणारा भाग चिकाडी या चिमुकल्या पाखरात ३ टक्के भरतो. अंटार्क्टिकातल्या पांढऱ्याशुभ्र स्नो पेट्रेलमध्ये ३७. अर्थात अवयव मोठा आहे म्हणून तो कशासाठी वापरला जातो, हे मोजपट्टी सांगत नाही.

ते उत्तर गॅब्रिएल नेव्हिट यांच्या कामातून मिळू लागले. १९९२ साली दक्षिण महासागरातल्या मोहिमेत दुखापत होऊन त्या जहाजावर अंथरुणाला खिळल्या होत्या. तेव्हा त्यांची गाठ टिम बेट्स या वातावरणशास्त्रज्ञाशी पडली. बेट्स हवेतले डायमिथिल सल्फाइड मोजत होते. सूक्ष्म वनस्पती-प्लवकांना क्रिलसारखे जीव खाऊ लागले की प्लवकांच्या पेशी फुटतात आणि हा वायू मोकळा होतो. म्हणजे वास जिथे दाट, तिथे पंगत बसलेली. नेव्हिट यांनी दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ या वासाचे तवंग समुद्रावर सोडले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात प्रायन आणि स्टॉर्म पेट्रेल वासाच्या तवंगाकडे साध्या तवंगापेक्षा सुमारे दुप्पट वेळा आले. यांतला विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल दक्षिणेकडे हिवाळा सुरू झाला की अरबी समुद्रात येतो, आपल्या किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यावर दिसतो. अल्बाट्रॉसना मात्र त्या तवंगाचे काही विशेष वाटले नाही. तेव्हा सगळ्यांना एकच वास खुणावतो, असे सरसकट म्हणता येत नाही.

इथे रास्त शंका निघते. समुद्रावरचा वारा वासाच्या चिंध्या करतो. त्यातून दिशा कशी मिळणार? पक्ष्याला सलग दोर लागतच नाही. आडव्या वाऱ्यात उडत राहायचे, वासाचा एखादा पुंजका लागला की वाऱ्याच्या तोंडावर वळायचे, वास हरवला की नागमोडी शोधायचे. क्रोझे बेटांवरच्या वाँडरिंग अल्बाट्रॉसवर जीपीएस आणि पोटातले तापमान टिपणारे यंत्र बसवले, तेव्हा असेच दिसले. थंड भक्ष्य गिळले की पोटाचे तापमान झटकन उतरते, म्हणून गिळण्याचा क्षण कळतो. त्याआधीचा मार्ग तपासायचा. उडता उडता पकडलेल्या भक्ष्यापैकी जवळजवळ निम्म्या वेळा पक्षी वाऱ्याच्या तोंडावर वळत किंवा नागमोडी येत गेला होता. उरलेल्या वेळी तो सरळ आला. तिथे नजर कामी आली असणार. नजरेचे महत्त्व नाकारण्याचे कारणच नाही.

पण खरा कस घरी परतण्यात लागतो. अझोर्स बेटांवरचे कोरीज शिअरवॉटर घरट्यांपासून ८०० किलोमीटर दूर, उघड्या अटलांटिकवर सोडण्यात आले. काहींच्या डोक्यावर चुंबक लावले होते, काहींची घ्राणशक्ती झिंक सल्फेटने तात्पुरती मारली होती. चुंबकवाले इतरांसारखेच नीट परतले. वास गमावलेले भरकटले. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर आक्षेप आला की औषधाने पक्षी आजारी पडला असेल, किंवा त्याला परतायची इच्छाच उरली नसेल. आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावरच्या स्कोपोलीज शिअरवॉटरवरच्या प्रयोगाने २०१७ साली दिले. तिथे घ्राणशक्ती तात्पुरती मारलेल्या पक्ष्यांना कुठेही हलवले नाही. ते नेहमीसारखे आपणहून समुद्रात गेले, त्यांनी पोटभर खाल्ले, वजन वाढवले आणि परतीला निघाले. आजारी पक्षी हे करत नाही. मात्र उघड्या समुद्रावर त्यांची दिशा चुकत होती, आणि किनारा जवळ आल्यावर ती सुधारली. जमीन दिसताच डोळ्यांनी सूत्रे हाती घेतली.

या प्रयोगातला सगळ्यात बोलका तपशील मला वजनाचा वाटतो. वास गेला तरी या पक्ष्यांना भूमध्य समुद्रात खायला मिळाले, पण घरची दिशा मिळाली नाही. खाणे शोधायला वास मदत करतो. खुणा नसलेल्या पाण्यावर आपण कुठे आहोत हे कळायला तो लागतोच. हा नकाशा नेमका कोणत्या वासांचा बनलेला आहे, हा वाद अजून मिटलेला नाही.

या नाकाची दुसरी बाजू २०१६ साली पुढे आली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ काही आठवडे समुद्रात ठेवलेल्या प्लास्टिकच्या मण्यांना डायमिथिल सल्फाइडचा वास लागला होता, आणि या वासामागे जाणाऱ्या जातींच्या पोटात प्लास्टिक सापडण्याचे प्रमाण इतरांच्या कित्येक पट निघाले. यावर लगेच हरकत घेतली गेली, आणि ती मला पटते. या जाती आकाराने, आहाराने, बिळात राहण्याच्या सवयीनेही वेगळ्या आहेत. प्लवकांएवढा कण टिपणारा पक्षी तेवढाच प्लास्टिकचा कणही टिपणार. वासाला दोषी ठरवायचे तर त्याच पक्ष्यांपुढे कोरे आणि समुद्रात मुरलेले, असे दोन्ही प्रकारचे तुकडे ठेवून ते कोणते उचलतात हे पाहावे लागेल.