रेशनच्या दुकानात ज्वारी का नाही?
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणं झालं. आता आपल्याच घरातल्या भाकरीच्या टोपल्याकडं वळू. संघटनेच्या मेळाव्यात रेशनचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आज या मंडपात बसलेल्यांपैकी किती घरांत रेशनचं धान्य शिजतं? हात वर करायला सांगत नाही. आपण सगळे जाणतो. धान्य पिकवणाराच पिशवी घेऊन धान्याच्या रांगेत उभा आहे, म्हणून हा विषय आपला आहे.

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा काढून बघा. माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयवाल्याला कार्डामागं ३५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो, असं त्यात लिहिलेलं आहे. जानेवारी २०२३ पासून तेही पैसे माफ झाले आणि जानेवारी २०२४ पासून आणखी ५ वर्षं फुकट द्यायचं ठरलं. म्हणजे ज्वारी कायद्यात आहे. दुकानात मात्र गहू आणि तांदूळ. मधूनच एखाद्या जिल्ह्यात काही महिने ज्वारी येते आणि पुन्हा गायब होते. २०२३ साल भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीला ‘श्रीअन्न’ म्हणू लागले. नाव मोठं झालं, पोतं तेच राहिलं.

ज्वारीची थोरवी गाताना खोटं बोलायचं कारण नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि ४ मिलिग्रॅम लोह असतं. गव्हाचं पीठही जवळपास तेवढंच देतं. फरक पडतो तो पांढऱ्या तांदळाशी. त्यात प्रथिनं ८ ग्रॅमच्या घरात आणि लोह १ मिलिग्रॅमच्याही आत. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात जी उणीव आहे ती डाळ भरून काढते. भाकरीबरोबर वरण किंवा पिठलं ही आपल्या आज्यांची अक्कल होती. आज भाताचं ढीगभर ताट आणि वरून पाण्यासारखं वरण, असं जेवण झालं आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ५ वर्षांखालची दर ३ पोरांतलं १ पोर वयाच्या मानानं खुजं निघालं आणि निम्म्याहून अधिक बाया रक्तानं कमी निघाल्या. हे सगळं तांदळामुळं झालं असं आम्ही म्हणत नाही. पण पोट भरणं आणि अंगी लागणं या दोन गोष्टी आहेत, एवढं तरी सरकारनं मानावं.

मग आपणच ज्वारी का सोडली? लेव्हीच्या काळात ज्वारी सक्तीनं आणि पडत्या भावानं नेली. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी परदेशी मिलो खाऊन दिवस काढले. पुढं संकरित वाण आले, उत्पन्न वाढलं, पण खरिपात कणीस भरताना पाऊस आला की दाणा काळा. काळ्या दाण्याला व्यापारी विचारत नाही. त्यात पाखरं, त्यात रानडुकरं. आणि भाकरी थापणं हे चुलीपुढचं कष्टाचं काम, ते पुरुषांनी विसरू नये. सोयाबीन आलं, त्याला गिऱ्हाईक होतं, माणूस तिकडं वळला. यात शेतकरी चुकला असं आम्हाला वाटत नाही. पण ज्वारी गेली तेव्हा कडबा गेला, कडबा गेला तेव्हा दावणीची जनावरं गेली, शेणखत गेलं. आता खतही उधारीवर आणि दाणाही रांगेत.

आता आपल्या १४ जिल्ह्यांची गोष्ट. मराठवाड्यातले ८, अमरावती विभागातले ५ आणि वर्धा. इथल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य स्वस्तात मिळू लागलं. २०२२ मध्ये केंद्राकडून त्यासाठी गहू-तांदूळ मिळेनासा झाला. मग राज्यानं २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी १५० रुपये रोख ठरवले, २०२४ मध्ये ते १७० केले. आम्ही रोखीच्या विरोधात नाही. रोख हातात असेल तर बाई काय आणायचं ते स्वतः ठरवते, दुकानदाराची मर्जी सांभाळत नाही. पण हिशेब करा. २०२४-२५ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३३७१ रुपये क्विंटल. ५ किलोचे झाले १६८ रुपये ५५ पैसे. १७० रुपयांत बरोबर ५ किलो बसते, आणि तीही दुकानदार हमीभावानं विकेल तर! २०२५-२६ ला हमीभाव ३६९९ झाला. त्याच १७० रुपयांत साडेचार किलोच्या थोडी वर. भाव चढत जाणार आणि रक्कम तिथंच बसणार असेल, तर ही मदत दरवर्षी आपोआप आटत जाते. म्हणून ही रक्कम ५ किलो ज्वारीच्या बाजारभावाला बांधा, दरवर्षी आपोआप वाढू द्या, ही आपली मागणी.

आणि ज्यांना धान्यच मिळतं त्यांच्यासाठी ज्वारी इथंच खरेदी करा आणि इथंच वाटा. परराज्यातला तांदूळ खरेदी, साठवण, वाहतूक धरून सरकारला किलोमागं ४० रुपयांच्या आसपास पडतो. ज्वारी ३७ रुपयांना दारात आहे. ज्वारी टिकत नाही, हे उत्तर मिळेल. टिकत नाही म्हणूनच तालुक्याची तालुक्यात वाटायची. वाटपाची मुदत पूर्वी ३ महिने होती, डिसेंबर २०२१ मध्ये तीही वाढवली आहे. खरेदी केंद्र मात्र पेरणीआधी जाहीर झालं पाहिजे. माल व्यापाऱ्याकडं गेल्यावर केंद्र उघडून उपयोग नाही.

सरकार हलेपर्यंत घरापुरतं आपल्या हातात आहे. कपाशीच्या ६ ओळी, ज्वारीची १, तुरीच्या २, पुन्हा ज्वारीची १, ही पद्धत अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं शिफारस केलेली आहे. १० ओळींत भाकरी आली, डाळ आली, थोडा कडबाही आला. कापूस थोडा कमी होईल, हे लपवत नाही. पण कापसाचा भाव पडला तर निदान ताट रिकामं राहणार नाही.

शेवटी कामाचं. रोख रक्कम कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव असलेल्या बाईच्या खात्यात जमा होते. अनेकींची खाती आधारशी जोडलेली नाहीत, कुठं कार्डावर अजून सासऱ्याचंच नाव आहे. पुढच्या तालुका बैठकीला प्रत्येक गावानं रेशनकार्ड आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन यावं, कोणत्या महिन्याचे पैसे आले आणि कोणत्या महिन्याचे नाहीत हे पेननं लिहून. तहसीलदारांकडं मोर्चा न्यायचा तो हाच गठ्ठा घेऊन, आणि पुढं चालतील त्या बाया.