अर्धं गाव आणि पिन कोड

‘हल्ली काय वाचलंस ते सांग’ एवढंच मला सांगितलं होतं. मी वाचतो ते लोकलमध्ये, मुंब्रा ते दादर, बहुतेक उभ्यानं. त्यामुळे यादी लांब नाही. दोनच पुस्तकांबद्दल बोलतो, कारण त्या दोघांनी मिळून माझी झोप उडवली.

पहिलं कॅथी ओनील यांचं ‘वेपन्स ऑफ मॅथ डिस्ट्रक्शन’, २०१६ सालचं. बाई गणितज्ञ, हेज फंडात नोकरी केलेल्या. त्या वॉशिंग्टनमधल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगतात. मुख्याध्यापक खूश, पालक खूश. पण मुलांच्या परीक्षेवरून शिक्षकांना गुण देणाऱ्या एका प्रोग्रॅमनं तिला खाली ढकललं आणि २०११ मध्ये आणखी २०५ शिक्षकांबरोबर तिची नोकरी गेली. तिला संशय होता, की आपल्या वर्गात आलेल्या मुलांचे आदल्या वर्षीचे गुणच फुगवलेले होते. पण मशीनशी वाद कसा घालणार?

ओनील म्हणतात, जे मोजायचं ते हाती नसेल तर मॉडेल त्याच्या जागी दुसरंच काही मोजतं. माणूस पैसे फेडेल का हे कळत नाही, मग तो राहतो कुठे ते बघा. हे वाचताना ठाणं आलं आणि मला घाम फुटला. कारण कर्ज देणाऱ्या एका ॲपसाठी पिन कोडचा तो रकाना मीच तीन वर्षांपूर्वी कोडमध्ये घातला होता.

ऑफिसात गेल्यावर टेस्ट सिस्टीमवर एक खोटा अर्ज केला. पगार तोच, जुन्या कर्जाचे हप्ते वेळेवर, फक्त पत्ता बदलला. माझ्या घराचा पिन कोड टाकला तसा स्कोअर घसरला. कुणी मुद्दाम केलं असं नाही. आमच्या भागात आधी कर्जंच फार दिली नव्हती. नोंदी मोजक्या आणि त्यातली थोडी बुडालेली, एवढ्यावर मशीननं अख्ख्या वस्तीबद्दल मत बनवलं.

याच दिवसांत राही मासूम रझांची ‘आधा गाँव’ वाचत होतो. १९६६ सालची हिंदी कादंबरी. (हो, तेच रझा, दूरदर्शनच्या ‘महाभारत’चे संवाद लिहिणारे.) गाझीपूर जिल्ह्यातलं गंगौली, त्यांचं स्वतःचं गाव. शिया सय्यदांची घरं, उत्तर पट्टी आणि दक्षिण पट्टी, मुहर्रमची चढाओढ, आणि शिव्या इतक्या की डब्यात शेजारी कुणी डोकावलं तर मी पान झाकायचो. अलीगढहून शिकलेली पोरं पाकिस्तानसाठी मतं मागायला येतात आणि सैन्यातून परतलेला तन्नू त्यांच्याशी वाद घालतो. त्याचं पहिलं नातं गावाशी आहे. मग फाळणी होते, जमीनदारी जाते, घरं रिकामी होत जातात. सय्यदांचा तोरा, खालच्या जातीच्या बायकांशी त्यांचं वागणं, काहीच रझा लपवत नाहीत. प्रस्तावनासुद्धा पुस्तकाच्या मध्येच, लहर लागली तिथे!

पण मी अडकलो ते नावावर. रझांना जे अर्धं गाव आतून ठाऊक होतं, तेवढंच त्यांनी लिहिलं आणि तसं सरळ नावातच सांगून टाकलं. आमच्या मॉडेलकडे अर्धं गावसुद्धा नव्हतं, तरी त्यानं कधी ‘मला पुरेसं माहीत नाही’ असं म्हटलं नाही. तसं म्हणायची सोयच मी त्याच्यात ठेवली नव्हती.

मीटिंगमध्ये मी हे मांडलं. उत्तर मिळालं, ‘आपल्याकडे धर्माचा रकानाच नाही, मग भेदभाव कसा?’ मी खोट्या अर्जाचे दोन्ही स्कोअर पडद्यावर दाखवले. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पुढचा विषय निघाला. त्यानंतर दोन मेल पाठवलेत. रकाना अजून आहे.

मामेभावाला नव्या रिक्षासाठी कर्ज हवंय, त्यानं कुठलं ॲप चांगलं म्हणून मलाच विचारलं. त्याला काय सांगायचं ते अजून ठरत नाहीये. ‘आधा गाँव’ सध्या अब्बांच्या उशाशी आहे. शिव्या आल्या की ते मोठ्यानं वाचतात आणि अम्मी आतून ओरडते.